परक्या माणसांची बैठक

गटचर्चेचा नियम साधा होता: बैठकीला बसणारी माणसं एकमेकांना अनोळखी हवीत. हा नियम करणारा माणूस वानाझोर शहरात कधी आला नसावा.

तागुहीच्या प्रबंधाचा विषय होता, सोव्हिएत राजवट गेल्यावर माणसं एकमेकांवर आणि सरकारवर किती विश्वास ठेवतात. ही शेवटची बैठक. आधीच्या बैठकांत निवडणुकीचा विषय निघाला की सगळ्यांची दातखीळ बसायची, आणि त्या प्रकरणावाचून प्रबंध लंगडाच राहणार होता. म्हणून यावेळी तिने शहराच्या चार टोकांहून माणसं वेचून आणली होती.

कॉफी येईपर्यंत सगळं नियमाप्रमाणे चाललं. मग बैठकीला आलेल्या वार्दुशमावशींनी समोरच्या टकल्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही कोणाचे हो?"

"मी सेरोब. मूळचा दर्पास गावचा."

"दर्पासचे? मग शिंपी मनवेल तुमचे कोण?"

"सख्खा मामा!"

"अगं बाई! माझ्या जावेचं लग्न त्यांनीच जमवलं!"

झालं. बघता बघता कुणी कुणाचा व्याही निघाला, कुणी वर्गमित्राचा मेहुणा. नियमाचे तीनतेरा वाजले. तागुहीने कपाळाला हात लावला.

तरी तिने विचारलं, "अनोळखी माणसावर विश्वास ठेवता का?"

"छे! वेड लागलंय का?" सगळे एका सुरात म्हणाले.

"आणि मागच्या निवडणुकीत तुमच्याकडे मतं कशी पडली?"

सेरोब कपात बघत बसले.

"पोरी," वार्दुशमावशी म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी आपापलं सांगितलं. तू कोणाची?"

संशोधकाने स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं गाईडबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण या खोलीत परकी आता आपण एकटीच उरलोय, हे तागुहीच्या लक्षात आलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"स्टेशनमागे लवाशच्या पातळ रोट्या भाजायची ना, त्या आनुशची नात मी."

"आनुशची!" सेरोब उठून उभेच राहिले. "अगं, भूकंपाच्या हिवाळ्यात तिच्या भाकरीवर जगलो आम्ही! आधी नाही का सांगायचंस, शहाणे? आता ऐक, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या दारात कोण उभं होतं ते."

तागुहीला इतका आनंद झाला की पुढचा प्रश्नच ती विसरली. तिने रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "हा बंद करू का?"

"कशाला?" वार्दुशमावशी म्हणाल्या. "तुझाच आहे ना? मग तो तरी परका कसा?"