खुंट्याखालची पट्टी

मी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, अंगावर बसच्या पायरीची उठावदार नक्षी. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण माझं काम न दिसण्याचंच होतं. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नांगराचा दोर बांधायचा खुंटा असतो. त्याचे बोल्ट फळीतून खाली उतरतात, आणि तिथे त्यांचा ताण एका ठिकाणी न पडता पसरावा म्हणून माझ्यासारखी एक पट्टी लावतात. खुंटा किती भक्कम आहे, हे खुंट्यावरून ठरत नाही. त्याच्याखाली काय आहे यावरून ठरतं.

आधी मी खरोखरच बसची पायरी होते. बस मोडीत निघाली आणि मी शिरोड्याला निकेतच्या शेडमध्ये आले. निकेत फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती आणि तय्यब, एका मच्छीमार होडीचा तांडेल, नवा खुंटा घेऊन दारात उभा होता.

"प्लाय नको," तय्यब म्हणाला. "पयल्या होडयेत प्लाय कुजान भुगो झालो."

"लोखंड गंजतला," निकेत म्हणाला. "फायबरची जाड पट्टी वतूक होयी, पण ती सुकाक दोन दिस जातले."

"दोन दिस खंय आसत?"

निकेतने मला उचललं. "मगे ह्यो पत्रो घे. सगळ्या तालुक्यान तुडवल्यान, तरी वाकाक नाय. आणि ह्येका गंज चढना नाय."

दोघांनी माझं वजन केलं, मला वाकवून पाहिलं. मी स्टीलच्या बोल्टांना चालेन का, हे कोणी विचारलं नाही. वेगळ्या जातीचे दोन धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात खारं पाणी शिरलं, की त्यांतला दुबळा झिजू लागतो. इथे दुबळी मी होते. मला लाल गंज चढत नाही, हे निकेतचं म्हणणं खरं होतं. मी पांढरी होत जाते.

तीन हंगाम मी नाळेखालच्या अंधाऱ्या कप्प्यात काढले. बोल्टांच्या भोकांभोवती माझं पीठ होत राहिलं. माणसं दिसणाऱ्या भागाला दर वर्षी रंग देतात. कप्प्यात कोणी हात घातला नाही.

चौथ्या वर्षी घातला तो अकिलाने. ती तय्यबची बायको. तिचं माहेर मिठागरावरचं. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना ती कप्प्यात दोर ठेवायला वाकली आणि तिची बोटं पांढरी झाली. तिने एक बोट जिभेला लावलं.

"अवो, ह्यां बघा. पट्टयेक पीठ सुटलाहा."

"दर्यातली होडी ती. मीठ धरतलाच," तय्यब म्हणाला.

"ह्यां मीठ नाय. मिठाची चव माका कळना नाय?"

तिचा धाकटा भाऊ एजाज याच होडीवर खलाशी होता. तो जाळं शिवता शिवता हसला. "आपा, कालवणात घालून बघ. फुकटचा मीठ मेळात."

अकिलालाही हसू आलं. पण ती हटली नाही. "हसा. पट्टी बदलल्याशिवाय होडी पाण्यात घालू नकात."

तय्यबने तिच्या समाधानासाठी पाना आणला आणि चारही नट आवळले. प्रत्येक नट अर्धा वेढा फिरला. "बघ गो, आता डोंगरासारखो घट्ट."

तो अर्धा वेढा म्हणजे माझी झिजलेली जाडी होती. नट पुढे सरकला, कारण मी मागे उरले नव्हते. तय्यबने दोन्ही हातांनी खुंटा ओढून पाहिला. माणसाच्या ताकदीला तो हलला नाही. समुद्राची ताकद लावून पाहण्याची सोय किनाऱ्यावर नसते.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एका दुपारी खडकांजवळ इंजिन बंद पडलं. वारा जमिनीकडे ढकलत होता. तय्यब इंजिनाशी झटत होता. एजाजने नांगर टाकला. त्याने सगळं नीट केलं, हे मी साक्षीदार म्हणून सांगते. नांगर तळात रुतला. दोर नवा होता, गाठ पक्की होती, बोल्ट शाबूत होते. तिसऱ्या लाटेला होडी उचलली गेली आणि ओला पापड फाटावा तशी मी फाटले; चारही नट माझ्यातून वर निघाले. माझा आधार गेल्यावर फळीलाही तो भार पेलवला नाही. खुंटा दोरासकट समुद्रात गेला आणि होडी खडकांवर आपटून फुटली.

तय्यब पोहत किनाऱ्याला लागला. एजाज तिसऱ्या दिवशी रेडीच्या बाजूला सापडला.

पंचनाम्याला साहेब आले, तेव्हा अकिलाने फुटलेल्या नाळेतून मला उपटून काढलं होतं. साहेबांसमोर ती प्रमाण मराठीत बोलली. "ही पट्टी लिहा, साहेब. वाऱ्याने नाही, हिने गेला माझा भाऊ."

"बाई, कारणात मी वादळी वारा लिहिलाय. पट्टीसाठी रकाना नाही."

तय्यब तिच्या मागे उभा होता. तो म्हणाला, "दर्याची मर्जी." ती त्याच्याशी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलते.

मग ती मला घेऊन निकेतकडे गेली. तो दुसऱ्याच्या होडीवर खुंटा बसवत होता. खाली लावायला नवा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा कापून ठेवलेला होता.

"निकेत, ह्यां लावू नको रे."

त्याने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं. "भाभी, तुमची पट्टी जुनी होती. ह्यो पत्रो कोरो आसा."

आता मी अकिलाच्या घरी बिस्किटांच्या डब्यात असते. कोणी तांडेल भेटला, की ती डबा उघडून मला दाखवते. तो हळहळतो, एजाजची आठवण काढतो आणि आपला कप्पा न उघडता समुद्रावर जातो. वाचकहो, तुम्हाला विनंती करण्याची रीत आहे म्हणून करते: खुंट्याखाली एकदा हात घालून बघा. तुम्ही घालाल असं मला वाटत नाही.

पुरावा पुसला जाऊ नये म्हणून अकिला मला धूत नाही. न धुतल्यामुळे अंगात मुरलेला खार आपलं काम करत राहतो. डब्याच्या तळाशी रोज थोडं पीठ पडतं, आणि दाखवण्यासारखी मी रोज थोडी कमी उरते.