कॉलरवाली

"ताई, कॉलर बघा ना कशी झालीय," म्हणत धाकट्या जावेनं शर्ट थोरलीच्या मांडीवर टाकला. नव्या कारखान्यात डाग पडला म्हणून बाजूला काढलेला शर्ट होता. सुपरवायझरनं घरी न्यायला दिला होता.

थोरलीनं निवडायची भाजी बाजूला सारली. लग्नाआधीपासून ती जुन्या कारखान्यात कॉलरी शिवायची. बाही एकीची, काज दुसरीचं, कॉलर हिची. गल्ली तिला कॉलरवालीच म्हणायची. अख्खा शर्ट मात्र तिनं जन्मात शिवला नव्हता, त्यामुळे कारखाना बंद पडल्यावर घरी शिवणकाम घ्यायचीही सोय राहिली नाही.

नवा कारखाना निघाला तेव्हा दोघी जावा मिळूनच रांगेत उभ्या राहिल्या. धाकटीला मशीनवर बसायला थोरलीनंच शिकवलं होतं. फाटकावरच्या चष्मेवाल्या साहेबानं धाकटीला आत घेतलं आणि थोरलीला म्हणाला, "आई, तुम्ही आता आराम करा." मेल्याला आई म्हणायला तीच सापडली!

तेव्हापासून तिचा नुसता जळफळाट चालला होता. सकाळची गरम पाण्याची पहिली बादली पूर्वी तिची असायची, ती आता धाकटीची. सासूबाई शेजारणींपाशी कौतुक करणार तेही धाकटीचं, आणि डबा भरायचा मात्र थोरलीनं. परवा भाजीत मीठ जरा जास्त पडलं, ते काही चुकून नव्हे. धाकटीनं डबा चाटूनपुसून परत आणला, हूं की चूं केलं नाही. त्यानं थोरलीच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

आता तिनं कॉलर उजेडात धरली. टोकांवरून नख फिरवलं, टाके निरखले. कुठंतरी खोट निघू दे, असं मनापासून म्हणत होती. निघाली नाही.

"बरी आहे. हात बसला म्हणायचा तुझा."

"माझा कसला हात, ताई! मी कापडाची पट्टी ठेवते नि बटण दाबते. बाकी सगळं मशीनच करतं."

"नशीब काढलंस बाई."

धाकटीनं आतल्या खोलीकडे पाहून आवाज उतरवला. "पुढच्या महिन्यात दुसरं मशीन येतंय. पट्टीपण तेच ठेवणार. आम्हा सगळ्यांना नका येऊ म्हणून सांगितलंय." ती आणखी जवळ सरकली. "घरात बोलू नका हं एवढ्यात. तोवर तरी कामावर जाते म्हणू द्या."

थोरलीला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलं गारेगार वाटलं. मग तिची नजर कॉलरीवर गेली. ती होती तशीच होती, ताठ, दोन्ही टोकं सारखी. तिला ना थोरली लागली होती, ना आता धाकटी लागणार होती. थोरलीनं शर्ट मांडीवर पसरला आणि कॉलर वर ठेवून, कारखान्यात घालायच्या तशी त्याची घडी घातली.

सकाळी ती डबा भरत असताना सासूबाईंनी विचारलं, "काय गं, धाकटी पक्की झाली का नोकरीत?"

थोरलीनं भाजीचा रस तळहातावर घेऊन चाखला. मीठ बरोबर होतं.

"झाली की," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.