पान किसनरावांवर उघडतं

मशीन आपल्याला छळायलाच जन्माला आलंय, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. फरक इतकाच, की तेव्हा मी ते चेष्टेत म्हणायचे.

दोन हजार सातचं वर्ष. अमरावतीत राजापेठेजवळ एका लॉजच्या वर मी आणि माझी मैत्रीण लुबना, दोघींनी वेबसाइट तयार करून द्यायचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा इन्व्हर्टर आणि लुबनाच्या अब्बूंनी दिलेलं टेबल. गिऱ्हाइकं म्हणजे मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग आणि एकदा एक पहिलवान, ज्याला पानावर नुसते स्वतःचे दंड हवे होते.

अशात धर्मपाल काका आले. ते बडनेऱ्याला रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर लोक घरच्यांच्या डोक्याला ताप देतात. काकांनी हरवलेल्या माणसांचा ध्यास घेतला. त्या वर्षांत वऱ्हाडातून माणसं फार निघून जात होती. कुणी कामाला म्हणून सुरतेला, कुणी पुण्याला, कुणी काही न सांगताच. काकांना वाटायचं, अशा सगळ्यांची माहिती एका जागी असावी, म्हणजे कुठल्या तरी गावच्या सायबर कॅफेत कुणाच्या तरी नजरेला पडेल.

ते पान मी बनवलं. एकच पान, लांबच लांब, एकाखाली एक माणसं. फोटो, उंची, अंगावरचे कपडे, कधीपासून बेपत्ता. तळाशी आमच्या दुकानाचा फोन नंबर. आता ज्याचा माणूस पार खाली, त्याच्यापर्यंत कोण जाणार? म्हणून प्रत्येकाच्या मजकुराला मी आतून एक नाव दिलं आणि घरच्यांना आपापला वेगळा पत्ता लिहून दिला. पानाचा पत्ता, पुढे जाळीचं चिन्ह, म्हणजे हॅश, आणि त्यापुढे ते नाव. तो पत्ता टाकला की पान वरून न उघडता थेट त्या माणसावर उघडतं. यात जादू काही नाही. ते नाव पानात सापडलं नाही, तर पान मुकाट्याने वरून उघडतं आणि विषय संपतो. निदान संपायला हवा.

इंदूबाई तिवस्याजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा किसनराव तिथल्याच एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. जिन बंद पडलं, तो सुरतेला जातो म्हणून निघाला, आणि दोन वर्षं पत्ता नाही. मूलबाळ नाही, सासूसासरे गेलेले. काका त्यांना दुकानात घेऊन आले, तेव्हा त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या आणि बोलायला लागल्या त्या थांबेनात. इतर लोक चार ओळी सांगून जातात.

"त्यायले चायीत चिमटीभर मीठ लागते, ते लिव."

"मावशी, हे कशाला? ओळखायच्या खुणा सांगा."

"ह्याच त खुणा हायेत. उंची काय, कोणाचीबी तेवढीच असते."

मग आंघोळ करताना शीळ घालतो, कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो, भाकरी गुळासंगं खातो, जिनाच्या पट्ट्यात सापडून पायाची करंगळी गेली, निघाला तेव्हा अंगात तपकिरी पट्ट्यांचा पांढरा सदरा. सगळं मी पुटपुटत टाइप केलं. पानावरचा सर्वांत लांब मजकूर किसनरावांचा झाला. बाईंना मात्र बरं वाटलेलं दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे बघून मलाही वाटलं.

महिनाभराने काकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. किसनराव घरी आले होते. आमच्या पानावरचा हा पहिलाच सापडलेला माणूस. लुबनाने पेढे आणले, आणि मी किसनरावांचा मजकूर पानावरून काढून टाकला.

दुसऱ्याच दिवशी बडनेऱ्याहून पार्बताबाईंचा फोन. त्यांचा मुलगा जानराव आमच्या पानावर होता.

"बाई, माह्या जानरावाचं पान उघडून राहिली त नुसती पांढरी जागा येते. माहा पोरगा कुठी गेला?"

मी बघितलं. खरंच. किसनराव ज्या दोघांच्या मध्ये होते, त्या दोघांच्या मध्ये एक पांढरी जागा पडली होती आणि पान तिथेच उघडत होतं. मी लिहिलेल्या कोडमध्ये अशी जागा कुठेही नव्हती. दुसऱ्याचा पत्ता टाकला, तिसऱ्याचा टाकला, नुसत्या पानाचा टाकला. तीच पांढरी जागा. मी सगळी नावं बदलली. माणसं खालीवर केली. शेवटी चिडून अख्खं पान पहिल्यापासून नव्याने लिहिलं. जागा हटेना. दर दोन तासांनी कुणाचा तरी फोन, आणि मी कॉम्प्युटरला अशा शिव्या घालत होते की खालच्या लॉजवाल्याने वर येऊन चौकशी केली.

लुबना शांत बसून बघत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दीपा, उस आदमी को वापस रख दे. देखते हैं क्या होता है."

मी किसनरावांचा मजकूर परत चढवला. जागा भरली. पण आता कुणाचाही पत्ता टाकला तरी पान किसनरावांवर उघडायला लागलं. मी हात टेकले आणि बाकी सगळ्यांसाठी एक वेगळं नवं पान तयार करून दिलं. ते शहाण्यासारखं चाललं. जुनं होतं तसंच राहू दिलं.

"ये अभी भी उसी को ढूंढ रहा है," लुबना म्हणाली. मी तिला गप्प बस म्हणाले, कारण नेमकं तेच माझ्या मनात येऊन गेलं होतं आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

सापडलेल्या माणसाचा फोटो काकांना हवा होता. ते इंदूबाईंच्या गावाला निघाले, आणि मीही निघाले. ज्या माणसाने माझी झोप घालवली, तो मला एकदा बघायचा होता.

किसनराव ओट्यावर बसले होते. फोटोतलाच माणूस. अंगात तपकिरी पट्ट्यांचा पांढरा सदरा, कडक आणि कोरा. दोन वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाचा सदरा असा राहत नाही. इंदूबाईंनी चहा आणला. किसनरावांनी कप हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मला चहात चिमूटभर मीठ लागते."

वऱ्हाडातला जिनात राबलेला माणूस असं पुस्तकासारखं बोलत नाही. ते वाक्य माझं होतं. इंदूबाईंच्या तोंडचं वऱ्हाडी काढून मी पानावर तसं नीट करून लिहिलं होतं.

काकांच्या हे ध्यानात आलं नाही. त्यांनी विचारलं, "सुरतेले कुठी राहत होते तुमी?" किसनराव हसले. "जिनातले कोणी संगं होते काय?" पुन्हा तेच हसू. त्यात लाज नव्हती, लपवाछपवी नव्हती. विचारलेलं आत जात होतं आणि आत काही सापडत नव्हतं, इतकंच. एवढ्यात गल्लीत कुत्रं आलं, तसे ते उठून घरात गेले. काका खळखळून हसले. मी मात्र त्यांचे पाय बघत होते. डाव्या पायाला करंगळी नव्हती. जखमेचा वण नाही, काही नाही, चार बोटांवर पाय साफ संपलेला.

आणि मला आठवलं. दुकानात करंगळीचं सांगताना इंदूबाईंनी स्वतःचा उजवा पाय पुढे करून दाखवला होता. डावा मी टाइप केला होता, घाईत.

निघताना काका फोटो काढायला थांबले. इंदूबाई मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "उजवा होता. मले त पयल्याच दिशी दिसलं."

"मग हा कोण आहे, मावशी?"

"मले काय मालूम. सकाळी दार उघडलं त उभा होता. तू लिवला तसा."

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटली नं. पण मधात चार दिवस तू ते काढून टाकलं होतं, काका सांगत होते. ते चार दिवस हा भिंतीकडं तोंड करून बसून होता. जेवला नाही, बोलला नाही, मले ओळखे ना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला त पाठ थंडगार. तवापासून त्याची भीती नाही वाटत. त्याच्यासाठी वाटते."

मग म्हणाल्या, "ते काढू नको पोरी. अन् अजून लिव."

"काय लिहू?"

"संध्याकाळी मले पाणी भरू लागतो, लिव. मी आजारी पडली त उशाशी बसून राहतो."

"किसनराव असं करायचे?"

"तू लिव नं." त्या हसल्या, पण लगेच हसू आवरलं. "अन् माह्यावर त्यानं कधी हात उगारला नाही, असं लिव."

"हे खरं आहे?"

इंदूबाईंनी डोक्यावरचा पदर डाव्या बाजूने मागे सारला. "ह्या कानानं मले ऐकू येत नाही. लगन झालं तवा येत होतं." मग पदर पुन्हा सारखा केला. "एसटी आली, पाह्य तुही."

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी करंगळीचं हसण्यावारी नेलं, पण बाकीचं ऐकून ते माझ्यावर रागावले. हरवलेल्या माणसांच्या पानावर खोटं लिहिलेलं त्यांना चालणार नव्हतं. मी म्हटलं, काका, माणूस सापडला ना? मग खऱ्याखोट्याचं तुम्हाला काय पडलंय? ते तणतणत गेले. मी तिन्ही ओळी टाइप केल्या. शेवटची लिहिताना मला इतका राग येत होता, की बटणं मोडतील असं लुबनाला वाटलं. "पत्नीवर त्यांनी कधीही हात उगारला नाही."

नंतर इंदूबाईंचे अधूनमधून फोन यायचे. काल पाणी भरू लागला. परवा ताप होता, रात्रभर उशाशी होता. त्यांचा आवाज दर वेळी थोडा तरुण झालेला वाटायचा. त्यांचं ऐकून मी सुखावले होते, आणि ते पान उघडायचं मात्र टाळत होते.

दिवाळीच्या आधी एका दुपारी दुकानातला फोन वाजला. मागे गाड्यांचा गोंगाट आणि एक घोगरा आवाज.

"हे हरवलेल्या मानसाईचं पान तुमी बनवलं काय? मी सुरतेहून बोलून राहिलो. कॅफेत पोरानं दुसरंच कायतरी उघडलं अन् हे आलं. माह्यावरच येऊन थांबलं."

"तुम्ही कोण?"

"किसनराव. तिवस्याकडचा."

तो पुढे म्हणाला, "हात उगारला नाही, हे काहून लिवलं? तिनं सांगितलं असन. तिले म्हणा, जगभर माही चर्चा करून राहिली नं, मी येऊन राहिलो आता. आल्यावर पायतो तिच्याकडं."

मी विचार केला नाही. विचार केला असता तर बहुतेक फोन ठेवून दिला असता. मी म्हणाले, "किसनराव त कवाचेच घरी आले. अख्ख्या गावानं पायलं त्यायले. तुमी कोण बोलून राहिले?"

"मी..." तो म्हणाला. पुन्हा एकदा "मी" म्हणाला. पुढचा शब्द त्याला मिळत नव्हता. बराच वेळ नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला, मग तोही बंद झाला.

मला आनंद झाला, लपवत नाही. एका माणसाला त्याच्या नावातून हाकलून दिलं होतं आणि मला मनापासून आनंद झाला होता. मी जुनं पान उघडलं. ते वरून उघडलं. मथळा, त्याखाली पहिला माणूस, दुसरा माणूस, सगळं जिथल्या तिथे. किसनरावांपर्यंत मला स्वतः खाली जावं लागलं. लुबनाने डोकावून विचारलं, "ठीक हो गया?" मी मान हलवली.

तासाभरात इंदूबाईंचा फोन आला. त्या हळू बोलत होत्या, घरात कुणी ऐकू नये तसं.

"पोरी, आज तो मले इंदे म्हनला. 'काय वं इंदे, कुठी मेली होती' असा. हे तू लिवलं होतं काय?"

"नाही, मावशी."

"आता घडीभरापूर्वी. ओट्यावर बसला होता, एकदम मान वर केली अन् बोलला. असाच बोले तो. अगदी असाच."

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

मागे कुणीतरी त्यांना हाक मारली. "अजून त बरी हाव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सुरतेहून बोलणारा तो माणूस कुठे गेला, ते मला कळलं. मी परत पान उघडलं आणि खाली गेले. हात उगारल्याची ओळ होती तिथेच होती. मी ती ठळक अक्षरांत केली आणि पान पुन्हा चढवलं.