चांदणी लावलेला शब्द

आमचा मुलगा अपूर्व गेला त्याला वर्ष झालं होतं. आमची सून दोरोता पोलंडची. सात वर्षांच्या वरदाला घेऊन ती कॉव्हेंट्रीत आमच्याकडेच राहिली होती. आता लंडनमध्ये हाउन्सलोला नोकरी मिळाली, म्हणून सामान बांधलं होतं. तिचं जाणं आम्हाला समजत होतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या ओट्या भरल्या जात असताना ती स्वयंपाकघरात कप विसळत राहिली, ते मनातून जात नव्हतं. विधवेची ओटी भरत नाहीत, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

निघायच्या सकाळी वरदा नेहमीसारखी माझ्याजवळ शनिवारच्या मराठीला बसली.

"आजोबा, बाबा नाही, तर आई अजून तुमचा सून आहे?"

मी चूक सुधारली नाही. कागदावर चांदणी काढली आणि पुढे लिहिलं, स्नुखा. आईच्या भाषेच्या फार जुन्या पूर्वज भाषेतला सुनेसाठीचा शब्द. तो लिहिलेला कुठेच सापडत नाही. तिच्या लेकी-भाषांमधले शब्द जुळवून विद्वानांनी तो ओळखला, म्हणून ही चांदणी. संस्कृतातली स्नुषा त्याची बहीण, आणि आपली सून त्या स्नुषेची लेक. दोघींच्याही आधीच्या शब्दाचा शेवट पुरुषांच्या शब्दांसारखा होता, असं मानतात. पुढे दोन्ही घरांनी त्याला आपल्या बायकांच्या शब्दांसारखा 'आ' दिला.

"म्हणजे 'तुमचा सून' मी बरोबर बोलले?"

"थोडी उशिरा बोललीस. काही हजार वर्षं."

मग रूपं सांगितली. 'सुनेला' म्हणताना बऱ्याच ठिकाणी स्नुखाचं स्नुसे होई, आतला ख जाई. आपणही सून म्हणतो, सुनेला म्हणतो. म्हणून माणूस बदलतं का, असं मी विचारलं. वरदानं नाही अशी मान हलवली. दोरोता कोट घालून दारात येऊन उभी होती. तिच्याकडे पाहत वरदा म्हणाली, "हे शब्दाचं झालं. आईचं सांगा."



माझी बायको श्यामला ऐकत होती. आयुष्यात तिनं रीत कधी मोडली नव्हती. ती आत गेली आणि तबकात तांदूळ, नारळ, खण घेऊन आली.

"सूनबाई, ये."

रीत सासूच्या लक्षात नसेल, असं दोरोताला वाटलं. ती हळूच म्हणाली, "आई, मला चालत नाही."

"मला चालतं."

दोरोताला पदर नव्हता. तिनं कोटाची कड दोन्ही हातांनी पुढे धरली. थोडे तांदूळ निसटून पायपुसण्यावर पडले. टॅक्सी येईपर्यंत वरदा ते वेचत होती.