तिसऱ्या बटणावरचा वारा

मित्रांनो, मला ओळखलंत का? लोखंडी जाळीचा, तीन पात्यांचा, मान डावीकडे वळवताना कुरकुरणारा मी एक जुना टेबलपंखा आहे. आता माळ्यावर उताणा पडलो आहे.

कारखान्यात पाती जोडणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा फिरवलं, तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, "गुणाचा आहे हो, अजिबात थरथरत नाही." पुढे बारा वर्षं मी एका शिवणकाम करणाऱ्या आईच्या मशीनशेजारी इमानेइतबारे राबलो. तिच्या लेकीची, टुणीची छाती जन्मापासून नाजूक. परदेशात नोकरी करणारा मामा म्हणाला, "इकडे या. इथली हवा मानवेल पोरीला." तेवढ्यासाठी सगळं बिऱ्हाड हललं. सामानात स्वेटरच स्वेटर होते. "थंड मुलखात पंखा कशाला?" म्हणून बाबा हसले, पण टुणीने हट्टच धरला.

पहिल्याच उन्हाळ्यात त्या थंड मुलखाने आम्हाला तोंडघशी पाडलं. भिंती तव्यासारख्या तापल्या आणि मी एकाएकी घरातला लाडका झालो. मग एका सकाळी खिडकीबाहेर पांढुरकं काहीतरी उतरलं. आई हरखली.

"अहो, धुकं पडलंय! आता गारवा येईल."

ताजी हवा आत यावी म्हणून तिने मला पाठ बाहेर करून खिडकीत ठेवलं. समोरच्या घरातल्या बस चालवणाऱ्या बाई खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होत्या. "काय बाई तऱ्हा एकेकाची! एवढ्या उकाड्यात गच्च कोंडून बसायचं?" आई म्हणाली.

ते धुकं नव्हतं. दूर कुठेतरी जंगलं पेटली होती, त्यांचा धूर होता तो. टुणी खोकू लागली, तसं आईने माझं दुसरं बटण दाबलं. ती आणखी खोकली, तसं तिसरं दाबलं. "घे बाळा, मोकळी हवा घे," म्हणत आई तिची पाठ चोळत राहिली. मी तीन दिवस जीव तोडून फिरलो.

चौथ्या दिवशी टुणीचे ओठ निळे पडले आणि तिला दवाखान्यात हलवलं. तिथे डॉक्टरांनी धुराचं सांगितलं. कपडे न्यायला आईसोबत घरी आलेल्या बाबांनी माझ्या जाळीवरून बोट फिरवलं. ते काळंकुट्ट झालं.

"अगं, आपणच..." म्हणत त्यांनी मला खिडकीतून खाली उतरवलं. आईने खिडकी गच्च लावून घेतली.

टुणी महिन्याने परत आली. आता चार पायऱ्या चढली की धापा टाकत बसते. आल्याबरोबर म्हणाली, "आई, उकडतंय गं. पंखा लाव ना." आईने शिवणाची कात्री आणली आणि माझी वायर मुळापासून कापली.

मित्रांनो, मला तिचा राग नाही. नव्या मुलखात जाल तेव्हा तिथल्या हवेची चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करा, त्यात कसली लाज? आम्हा पंख्यांना हवेतलं काही कळत नाही, पाठीशी येईल ते आम्ही पुढे लोटतो. त्या तीन दिवसांत मला वाटत होतं, एवढं चांगलं काम मी जन्मात कधी केलं नाही.