उभा न राहणारा तंबू

बारा वाजता ट्रक निघणार होता आणि बुरुलच्या संगणकाने सकाळपासून एकच पालुपद लावलं होतं: क्रम नाही.

इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या या कारखान्यातून तंबू परदेशी जायचे ते तोक्तोसून उस्तादाला बरोबर घेऊन. म्हातारा जायचा, तंबू उभारायचा, महिनाभर पाहुणचार झोडून परतायचा. यंदा हॉलंडच्या गिऱ्हाइकाने कळवलं, माणूस नको, उभारणीचा कागद पाठवा. कारखाना चालवणारा बुरुलचा हिशेबी मामा खूश झाला. बिश्केकची नोकरी सोडून आलेल्या भाचीला त्याने बजावलं, की बारापर्यंत कागद झाला तर तू राहा, नाहीतर म्हातारा हॉलंडला आणि तू परत बिश्केकला.

बुरुलची रीत सरळ होती. उभा तंबू संगणकात मांडायचा आणि कुठे न अडकता, काही न पाडता एकेक भाग काढत जायचा. मग तोच क्रम उलटा छापायचा. वरचे लोकरीचे नमदे निघत, दोर निघत, वाशेही निघत. पण शेवटच्या वाशांना हात लावला की माथ्यावरचं लाकडी चक्र खाली. तिने मापं तीनदा तपासली. चहा निवून गेला.

उस्ताद दारात आला. प्रवासासाठी घेतलेली नवी टोपी त्याने आधीच चढवली होती.

“पोरी, माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. वर्षातून चारदा तंबू उभारायची.”

“मग मलाही दाखवा, उस्ताद आके.”

अंगणात त्याने जाळीच्या भिंती बांधल्या, चक्र एका दुबेळक्याच्या काठीवर टेकवून वर उचललं आणि गडी भराभर वाशे खोवू लागले. वाशे बसले तशी त्याने काठी काढून बाजूला टाकली.

“ही सामानाच्या यादीत कुठाय?” बुरुलने विचारलं.

“बाकान? ती काय तंबूचा भाग आहे? ती घरात असतेच.”

“हॉलंडात कुणाच्या घरात असते?”

म्हाताऱ्याने टाकलेली काठी पुन्हा उचलून घेतली. उभ्या तंबूत काठी नसते, म्हणून मापं घेताना इथल्याच बुरुललाही ती आठवली नव्हती. ट्रकमधल्या सामानातून तंबू उभा राहणारच नव्हता.

संगणकात काठी घातल्याबरोबर कागद निघाला. पण घरची बाकान कुणी देत नाही, आणि नवी तासणारा हात गावात एकच. उस्ताद निवांत तासत बसला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मामा फेऱ्या मारत होता, बुरुल समोर उभी राहून ढलप्या मोजत होती.

“तुमचा प्रवास मी बुडवला,” ती म्हणाली.

“बुडवलासच. आता त्या कागदावर माझं नाव लिही, काठी कुणी केली ते. मग चढवतो ट्रकवर.”

बुरुल आत धावली. बाराला चार मिनिटं होती आणि पेन सापडत नव्हतं.