पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

रविवार उजाडला की प्रसन्न गाडीखाली शिरायचा. आदर्श नगरातल्या त्या गल्लीत भिंतीलगत गाडी उभी असायची, तिच्याखाली जुनी सतरंजी आणि सतरंजीवरून बाहेर आलेले त्याचे दोन पाय. आसावरी वरच्या गॅलरीतून ते पाय बघत चहा प्यायची. त्याच्यासाठी ठेवलेला कप तसाच गार व्हायचा.

गाडी दोघांच्याही लाडाची. प्रसन्न मूळचा साताऱ्याचा, नोकरीसाठी जयपूरला आलेला. लग्नानंतर नाशिकची आसावरी इथे आली, तिलाही एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं, आणि वर्षभरात त्यांनी ही फोर-बाय-फोर घेतली. वाळूतून, नदीच्या कोरड्या पात्रातून हिंडायचं म्हणून स्प्रिंगा बदलून ती चांगली चार बोटं उंच करून घेतली. चढताना आसावरीला दारावरची मूठ धरून उडी मारावी लागे आणि दर वेळी प्रसन्न हसे.

मग तो आवाज सुरू झाला. गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्’. चढताना नाही, नुसता उतरताना. शॉकअपमधून येतोय, एवढं प्रसन्नला कळलं होतं, पण बघू कधीतरी म्हणून त्याने ते तसंच सोडून दिलं होतं. त्यानंतर दिवाळी आली.

दिवाळीच्या सुट्टीत ते सांभर सरोवराच्या बाजूला कच्च्या रस्त्याने गेले. आसावरीला तेव्हा नुकताच तिसरा महिना लागला होता. परत आल्यावर आठवडाभरात एका सकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की सुरुवातीच्या महिन्यांत असं पुष्कळ जणींचं होतं, बहुतेक वेळा गर्भाचीच घडण नीट झालेली नसते. तुम्ही काय खाल्लंत, कुठे गेलात, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. प्रसन्नने मान हलवली, औषधं आणली आणि दवाखान्यातून घरी यायला टॅक्सी बोलावली.

त्यानंतरच्या रविवारपासून तो गाडीखाली. आधी त्याने शॉकअपची रबरी बुशं बदलली. आवाज चार दिवस गेला आणि परत आला. मग चाकांना जोडणाऱ्या दांडीच्या कड्या काढून, गाडी तशीच चालवून बघितली. मग सगळे नटबोल्ट नवे. घरात तो त्या आवाजाखेरीज दुसरं काही बोलत नसे. आसावरी रात्री भिंतीकडे तोंड करून रडायची आणि पाठीमागे मोबाईलवर कुणीतरी परदेशी मिस्त्री शॉकअप कसा उघडायचा ते समजावून सांगत असायचा. याला काहीच कसं वाटत नाही, असं तिच्या मनात येई. पुढे पुढे तर तिला त्याची चीडच यायला लागली.

जानेवारीतल्या एका शनिवारी तो विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये निघाला, तेव्हा ती म्हणाली, “मी पण येते.”

“तू कशाला? थंडी आहे.”

“घरात बसून तरी काय करू?”

त्याने तिला रिक्षा करून दिली आणि स्वतः गाडी घेऊन पुढे गेला. वर्कशॉपमध्ये सामान उतरवायचंय, गाडीत बसायला जागा नाही, असं काहीतरी म्हणाला. आसावरीने ते फारसं मनावर घेतलं नाही.

वर्कशॉपचे मिस्त्री रामअवतारजी डोक्यावर मफलर गुंडाळून शेकोटीशी बसले होते. त्यांनी गाडी एकदा दाबून बघितली, खाली वाकून शॉकअपवर हात ठेवला. “शॉकर में दम तो है,” ते म्हणाले. “तेल भी नहीं निकल रहा.”

प्रसन्नने विचारलं, “इससे अंदर बैठे आदमी को झटका लगता है क्या? कच्चे रस्ते पर?”

“लगता तो है, साब.” रामअवतारजी सहज हसले. “गाडी है, पालना थोडे ही है!”

प्रसन्नचा चेहरा पांढरा पडला. आसावरी शेजारीच उभी होती, तिला ते दिसलं. पण अजून तिला नीटसा उलगडा झाला नव्हता.

समोर एक उतार होता. त्यावरून गाडी घेऊन ऐकू या, असं म्हणत मिस्त्री तिच्याकडे वळले. “मॅडमजी को बाजू में बिठा लो, साब. वजन से आवाज बदलती है.”

“नाही!” प्रसन्न ओरडलाच. “ती नाही बसणार!”

मिस्त्रींना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. पाना आणायचं निमित्त करून ते आत गेले.

आसावरीला एकेक आठवायला लागलं. टॅक्सी. ऑफिसला जाताना त्याने करून दिलेल्या रिक्षा. भाजीला जायचं तर ‘गाडी खोलून ठेवलीय’ हे ठरलेलं उत्तर. दवाखान्यातून आल्यापासून ती एकदाही या गाडीत बसली नव्हती.

“मी का नाही बसायचं?” तिने विचारलं.

“आवाज गेल्याशिवाय नाही.”

“अरे, आवाज आहे नुसता.”

“सांभरला गेलो त्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “तू म्हणालीस, जरा हळू घे. मी म्हटलं, आवाजच आहे नुसता, धक्का कुठे लागतोय. आठवतं?”

तिला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

“आई फोनवर म्हणाली, एवढ्या उंच गाडीतनं हिंडवलीस पोरीला, आणि आता डॉक्टरला कारण विचारतोस?”

“डॉक्टरांनी सांगितलं ना, प्रसन्न.”

“सांगितलं. कळतं मला. सगळं कळतं.”

शेकोटीतला धूर दोघांच्या मधून जात होता. आसावरी म्हणाली, “त्या दिवशी जायचं मी म्हटलं होतं. तू तर झोपणार होतास. मी तुला उठवलं.” तिचा आवाज चिरकला. “मला वाटत होतं, मी एकटीच हे उगाळत बसलेय. तुझं तर सगळं लक्ष गाडीत.”

तिने दार उघडलं, मूठ धरली आणि वर चढून बसली. त्याने किल्ली फिरवली. गाडी उतारावरून गेली, ‘खट्’ झालं. परत वर नेली, परत झालं. रामअवतारजी बाजूने वाकून चालत होते. त्यांनी हात वर केला.

दुखणं साधंच निघालं. गाडी उंच केली तेव्हा शॉकअप जुन्याच मापाचे ठेवले होते. चाक खाली उतरलं की ते पुरेनासे होत, ताणले जाऊन टोकाला आपटत. तोच आवाज. शेजारच्या दुकानातून लांब मापाचे आणून मिस्त्रींनी चढवले. शेवटचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळतं आणि कुरकुर सुरू होते, म्हणाले.

परत निघाले ते एकत्रच. सीकर रोडला लागायच्या आधी पहिला गतिरोधक आला. प्रसन्नने श्वास रोखला. गाडी चढली, उतरली. काही नाही. दुसरा. तिसऱ्यालाही काही नाही.

“गेला,” तो म्हणाला.

“हो.”

त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि तसाच बसून राहिला.

“आता मी काय करू, आसावरी?” असं म्हणून त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पाठ गदगदायला लागली. तिने हात ठेवला. ‘होईल सगळं नीट’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, ते तिने गिळले.

तो जरा निवला, तेव्हा ती म्हणाली, “मी नाव ठरवलं होतं.”

“मला नाही सांगितलंस.”

“कस्तुरी.”

“आणि मुलगा असता तर?”

“तेव्हा बघितलं असतं.”

त्याने ते नाव एकदा हळूच म्हणून बघितलं आणि त्याला पुन्हा रडू फुटलं. अशा अवस्थेत त्याच्याने गाडी चालवणं शक्यच नव्हतं. आसावरी उतरली, वळसा घालून त्याच्या बाजूला आली. “सरक.”

एवढी उंच गाडी तिने जयपूरच्या गर्दीत कधी चालवली नव्हती. सिमेंटचे ट्रक, चाऱ्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मधूनच घुसणाऱ्या ई-रिक्षा. दुसऱ्या गियरवर ती सावकाश निघाली. थोडं अंतर गेल्यावर तिलाही रडू आवरेना. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून रडलेली ती आज भर रस्त्यात, त्याच्यासमोर, डोळे पुसत, हॉर्न वाजवत चालली होती.

“मी घेऊ का?” प्रसन्नने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “तू बस.”